शेवट आधीच सांगणारं नाटक: ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ची सुरुवात कशी वाचावी

‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये काय होतं हे नाटक न वाचलेल्यालाही माहीत असतं. दोन घराण्यांचं वैर, त्या घराण्यांतल्या दोघांचं प्रेम, आणि शेवटी दोघांचाही मृत्यू. शेक्सपिअरने हा शेवट लपवून ठेवलेलाच नाही. नाटक सुरू होऊन मिनिटभर होतं न होतं तोच एक नट पुढे येऊन सांगतो, की ही मुलं मरणार आहेत आणि त्यांच्या मरणानेच आईबापांचं भांडण मिटणार आहे.

इंग्रजी साहित्य शिकणारी मुलं ही सुरुवात बहुतेक वेळा घाईत उरकतात. प्रोलॉगचा, म्हणजे त्या सुरुवातीच्या निवेदनाचा, चार ओळींचा सारांश पाठ करायचा, पहिल्या प्रवेशापुढे ‘नोकरांचं भांडण, विनोदी’ असं लिहायचं आणि रोमिओ-ज्युलिएटच्या बाल्कनीतल्या प्रसंगाकडे धाव घ्यायची. मला वाटतं इथेच या नाटकाची किल्ली हातातून निसटते. ही शोकांतिका नेमकी कोणामुळे घडते, या प्रश्नाचं बरंचसं उत्तर सुरुवातीच्या सुमारे अडीचशे ओळींत आहे. प्रोलॉग ग्रहताऱ्यांचं नाव घेतो. त्याच्या पाठोपाठ येणारा प्रवेश मात्र रस्त्यावरची माणसं दाखवतो, आणि ती माणसं एकेक पाऊल टाकत संकट कसं ओढवून घेतात ते दाखवतो. हे दोन्ही एकत्र वाचले तरच सुरुवात कळते.

आधी थोडी पार्श्वभूमी. नाटक साधारण १५९४ ते १५९६ च्या दरम्यान लिहिलं गेलं असं मानतात. ते पहिल्यांदा छापलं गेलं १५९७ मध्ये, पण ती प्रत तोकडी होती. १५९९ मध्ये ‘दुरुस्त केलेली आणि वाढवलेली’ असं मुखपृष्ठावर सांगणारी दुसरी प्रत निघाली, आणि आज आपण वाचतो तो पाठ मुख्यतः तिच्यावर उभा आहे. शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर १६२३ मध्ये त्याच्या नाटकांचा जो मोठा संग्रह निघाला, त्यात हा प्रोलॉगच नाही. तो संग्रह विकत घेतलेल्या वाचकाला नाटक थेट दोन नोकरांच्या कोळशावरच्या कोट्यांपासून सुरू झालेलं दिसलं असणार. एकदा तसंही वाचून पाहावं. प्रोलॉगशिवाय पहिली काही पानं चक्क एखाद्या सुखान्त प्रहसनासारखी वाटतात.

गोष्टही शेक्सपिअरची स्वतःची नाही. इटलीत लुइजी दा पोर्तो आणि मग मातेओ बांदेल्लो यांनी ती सांगितली होती. तिच्यावर आर्थर ब्रूक या इंग्रज कवीने १५६२ मध्ये एक लांबलचक काव्य लिहिलं, आणि शेक्सपिअरच्या टेबलावर होतं ते हे काव्य. त्याच्याशी ताडून पाहिलं की शेक्सपिअरने मुद्दाम काय बदललं ते उघड होतं. ब्रूककडे ही कथा महिनोन्‌महिने चालते. शेक्सपिअरने ती रविवार सकाळ ते गुरुवार पहाट एवढ्यात कोंबली. ब्रूकची ज्युलिएट सोळाच्या आसपासची, शेक्सपिअरची अजून चौदाचीही नाही. या लेखापुरता महत्त्वाचा बदल तिसरा आहे. ब्रूकच्या काव्यात नोकरांच्या मारामारीने सुरुवात होत नाही, आणि टिबॉल्ट हा भडक डोक्याचा तरुण तर कथा बरीच पुढे गेल्यावर येतो. रस्त्यावरचा दंगा अगदी पुढ्यात आणणं आणि टिबॉल्टच्या हातात पहिल्याच प्रवेशात तलवार देणं, हे दोन्ही निर्णय शेक्सपिअरचे.

आता प्रोलॉग. हा चौदा ओळींचा सॉनेट आहे, म्हणजे आपण ज्याला सुनीत म्हणतो आणि केशवसुतांनी जो प्रकार मराठीत रुजवला तोच. रचना अशी: चार-चार ओळींचे तीन गट, प्रत्येक गटात एकाआड एक ओळीचं यमक, आणि शेवटी एकमेकींशी यमक जुळणाऱ्या दोन ओळी. प्रत्येक ओळीत दहा उच्चार, त्यात एक हलका एक जड अशी जोडी पाच वेळा. ज्यांनी शाळेत लगक्रम गिरवलेत त्यांना ही चाल पकडायला वेळ लागत नाही. फक्त इंग्रजीत ऱ्हस्व-दीर्घाऐवजी आवाजाचा जोर मोजायचा. ‘टू हाउसहोल्ड्स, बोथ अलाइक इन डिग्निटी’ ही पहिली ओळ मोठ्याने म्हणा. हाउस, बोथ, लाइक, डिग आणि शेवटचा टी, असे पाच ठोके पडतात. मोठ्याने म्हणणं टाळू नका. हा मजकूर कानांसाठी लिहिलेला आहे, आणि प्रोलॉग प्रेक्षकांकडे मागतो तेही ‘धीर धरून ऐकणारे कान’.

त्या काळच्या नाट्यगृहाची कल्पना डोळ्यांसमोर आणली तर ही मागणी समजते. नाटक दुपारी, उघड्या आकाशाखाली. समोरचा पडदा नाही, दिवे मंद करून ‘आता सुरू होतंय’ असं सांगायची सोय नाही. एक पेनी देऊन आत आलेली माणसं मोकळ्या जागेत उभी, बोलतायत, खातायत. अशा गर्दीला गप्प करून एका विशिष्ट मनःस्थितीत न्यायचं काम या चौदा ओळींवर होतं.

मराठी वाचकाला इथे नांदी आणि सूत्रधार आठवतो, आणि ते आठवणं उपयोगाचं आहे, कारण त्यातून फरक कळतो. संस्कृत परंपरेत मंगलाचरणाची नांदी होते, मग सूत्रधार नाटकाचं आणि नाटककाराचं नाव सांगतो, चार गोड शब्द बोलतो आणि प्रेक्षकाला कथेच्या उंबरठ्यावर सोडून जातो. शेवट काय होणार हे तो सांगत नाही. शेक्सपिअरचा हा निवेदक, ज्याला कोरस म्हणतात, आशीर्वादाच्या जागी थेट मृत्यू ठेवतो. दुसऱ्या अंकाच्या तोंडावर तो आणखी एकदा येतो, तेव्हाही सॉनेटच म्हणतो, आणि नंतर पुन्हा कधीच येत नाही. शेवटच्या दृश्यात सगळं आवरायला तो नसतो. तिथे बोलतो राजा.

चार ओळींच्या प्रत्येक गटाचं काम वेगळं आहे. पहिल्या चार ओळींत व्हेरोना हे इटलीतलं शहर आणि वैर. दोन घराणी, दोन्ही मानमरातबाने सारखी. हा ‘सारखी’ शब्द फार मोलाचा आहे, कारण त्यामुळे एक घराणं चांगलं आणि दुसरं वाईट अशी सोपी विभागणी पहिल्याच ओळीत बाद होते. वैर जुनं आहे, ते नव्याने भडकतंय. कशावरून सुरू झालं? ते सांगितलेलं नाही. पुढेही नाटकभर कुठेच सांगितलेलं नाही. विद्यार्थी हे कारण शोधत बसतात आणि सापडत नाही म्हणून गोंधळतात. ते नाहीच आहे, आणि नसणं हाच मुद्दा आहे. राजा पुढे म्हणतोच की ही भांडणं हवेतल्या एका शब्दातून जन्मलेली आहेत.

दुसऱ्या चार ओळींत मुलं येतात. या शत्रूंच्या ‘प्राणघातक’ कुशीतून एक जोडपं जन्म घेतं. इथली इंग्रजी शब्दरचना ‘टेक देअर लाइफ’ अशी आहे, आणि तिच्यात जीव लाभणं आणि जीव देणं दोन्ही मावतं. पहिल्यांदा ऐकताना जन्मच ऐकू येतो. दोन ओळींनंतर मृत्यूचा उल्लेख आला की मागचा शब्द आपल्या डोक्यात उलटतो. जन्म आणि मरण एकाच क्रियापदात बसवलेल्या या ओळीवर मिनिटभर थांबलं पाहिजे. ‘स्टार-क्रॉस्ड’ हा गाजलेला शब्दही याच ओळीतला. ताऱ्यांनी ज्यांची वाट अडवली आहे असे. माणसाच्या नशिबावर ग्रहांचा ताबा असतो हे त्या काळच्या बहुतेक प्रेक्षकांना पटणारं होतं, त्यामुळे तो नुसता अलंकार म्हणून कानावर पडला नसणार.

पण तिसऱ्या गटात शेक्सपिअर काय करतो पाहा. तिथे तारे नाहीत. तिथे आईबापांचा संताप आहे, आणि तो मुलांच्या अंताशिवाय दुसऱ्या कशानेही दूर होण्यासारखा नव्हता असं स्पष्ट म्हटलं आहे. चौदा ओळींत आईबापांचा उल्लेख दोनदा येतो, एकदा त्यांच्या भांडणासाठी आणि एकदा त्यांच्या रागासाठी. मुलांना दोष देणारा एकही शब्द नाही. ब्रूकने मात्र आपल्या प्रस्तावनेत प्रेमिकांनाच झापलं होतं. वासनेच्या आहारी गेले, वडीलधाऱ्यांचा सल्ला धुडकावला, म्हणून असा अंत झाला, हा धडा वाचकांनी घ्यावा असं त्याचं म्हणणं. शेक्सपिअरने तीच कथा घेतली आणि दोषाचं बोट मोठ्यांकडे वळवलं. प्रोलॉग या एका अंगाने वाचला तरी पुढच्या नाटकाकडे बघायची दिशा मिळते.

आणि शेवट आधी सांगितल्याने काय साधतं? ‘पुढे काय होणार’ ही उत्सुकता काढून घेतली की तिच्या जागी ‘हे टळलं असतं का’ हा प्रश्न येतो. पुढे प्रत्येक प्रसंगात आपल्याला जे माहीत आहे ते पात्रांना माहीत नाही. पाचव्या अंकात रोमिओ थडग्याकडे निघतो तेव्हा आपल्याला धक्का बसत नाही, आपण मनातल्या मनात त्याला थांबवायला लागतो. चारशेहून जास्त वर्षं शेवट माहीत असूनही लोक हे नाटक पाहायला जातात, त्याचं बळ या चौदा ओळींतल्या धाडसात आहे.

सॉनेट संपतो आणि लगेच स्वर घसरतो, मुद्दाम घसरवलेला. सॅम्पसन आणि ग्रेगरी हे कॅप्युलेट घराण्याचे दोन नोकर ढाल-तलवार घेऊन येतात. पद्य गेलं, गद्य आलं. शेक्सपिअरकडे कोण पद्यात बोलतो आणि कोण गद्यात, याकडे नेहमी लक्ष ठेवावं. सॅम्पसनचं पहिलं वाक्य असं, की आपण काही कोळसे वाहणार नाही. कोळसे वाहणं म्हणजे तेव्हाच्या बोलीत अपमान मुकाट गिळणं. त्यावरून कोळसेवाला, राग आणि फाशीचा फास या इंग्रजीत एकसारख्या वाजणाऱ्या शब्दांची साखळी सुरू होते. मराठीत तिचं भाषांतर जवळजवळ अशक्य आहे, पण तिचा प्रवास ध्यानात घ्यावा: अपमानापासून रागाकडे आणि रागापासून फासाकडे. चार ओळींच्या टवाळीत अख्ख्या नाटकाचा उतार आहे.

यानंतरची काही वाक्यं शाळेच्या आवृत्त्यांत बऱ्याचदा गाळलेली असतात. सॅम्पसन माँटेग्यूंच्या, म्हणजे शत्रू घराण्याच्या, पुरुषांना भिंतीपासून ढकलण्याची आणि त्यांच्या बायकांना भिंतीशी रेटण्याची भाषा करतो. ती बलात्काराची धमकी आहे, विनोदाच्या वेष्टनात दिलेली. ती गाळू नये असं माझं ठाम मत आहे. जगातली सर्वांत प्रसिद्ध प्रेमकथा सुरू होते तेव्हा स्त्री-पुरुष संबंधांचा पहिला उल्लेख हा असा आहे. या शहरात पुरुषपण म्हणजे तलवार, आणि बाईचं शरीर म्हणजे शत्रूची मालमत्ता. याच शहरात चौदाही न झालेल्या एका मुलीला बरोबरीच्या नात्याने बोलणारा जोडीदार हवा आहे. ती किती अवघड जागी उभी आहे ते ही वाक्यं वाचल्याशिवाय कळत नाही.

मग माँटेग्यूंचे नोकर येतात, आणि सॅम्पसन अंगठा चावतो. अंगठ्याचं नख वरच्या दातांमागे अडकवायचं आणि झटक्याने बाहेर काढत आवाज करायचा, असा तो अपमानाचा प्रकार. पुढचा संवाद मराठीत साधारण असा होईल:

‘आमच्याकडे बघून अंगठा चावलात काय, राव?’

‘अंगठा चावलाय खरा, राव.’

‘आमच्याकडे बघून चावलात का, राव?’

इथे सॅम्पसन हळूच ग्रेगरीला विचारतो, हो म्हटलं तर कायदा आपल्या बाजूने आहे का? ग्रेगरी म्हणतो, नाही. लगेच सॅम्पसनचं उत्तर येतं:

‘नाही राव, तुमच्याकडे बघून नाही चावला. पण चावलाय मात्र, राव.’

प्रेक्षक इथे हसतात आणि हसावंच. पण हसता हसता यंत्रणा बघून घ्यावी. दोघांनाही खरं तर मारामारी नकोय. दोघंही कायद्याला भितात. दोघंही दर वाक्याला ‘सर’ लावून अदब पाळतायत. माघार घ्यायला भरपूर जागा आहे. ती जागा कशी बुजते? ग्रेगरीला लांबून आपल्या मालकाचा नातेवाईक येताना दिसतो आणि तो सॅम्पसनला डिवचतो, की आमचा मालक जास्त चांगला असं म्हण. म्हणजे वरच्या माणसाचे डोळे आपल्यावर आहेत म्हटल्यावर भेकडालाही शूर व्हावं लागतं. सॅम्पसन म्हणतो ‘जास्त चांगला’, समोरचा म्हणतो ‘खोटं’, आणि तलवारी निघतात. वैर कशावरून, हे या चौघांपैकी कोणालाच सांगता येणार नाही.

यानंतर पात्रं कोणत्या क्रमाने येतात याची यादी वहीत करून ठेवा, कारण हा प्रवेश जिन्यासारखा चढत जातो. आधी नोकर. मग बेनव्होलिओ, माँटेग्यूंकडचा, रोमिओचा चुलतभाऊ, जो तलवार उपसतो ती भांडण सोडवायला. मग कॅप्युलेटांकडचा टिबॉल्ट, ज्याला उपसलेली तलवार तेवढी दिसते आणि तिचं कारण दिसत नाही. शांततेचा शब्द ऐकताच तो म्हणतो, की या शब्दाचा मला नरकाइतका, सगळ्या माँटेग्यूंइतका आणि तुझ्याइतका तिटकारा आहे. टिबॉल्टला ओळखायला एवढी एक ओळ पुरते. मग शहरातले लोक सोटे आणि भाले घेऊन धावतात आणि दोन्ही घराण्यांना शिव्या घालतात. ‘सोटे काढा’ ही हाक व्हेरोनाची नाही, ती लंडनच्या शिकाऊ कारागिरांची हाक आहे. १५९५ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये अशा पोरांचे दंगे झाले होते. नाटक इटलीतलं असलं तरी प्रेक्षकांना हा रस्ता ओळखीचा होता.

सर्वांत वर म्हातारे. कॅप्युलेट घरातल्या झग्यातच बाहेर येतो आणि ओरडतो, माझी लांब तलवार आणा. त्याची बायको म्हणते, कुबडी मागा, कुबडी, तलवार कशाला मागता? पलीकडे माँटेग्यूला त्याची बायको धरून ठेवते आणि एक पाऊलही पुढे टाकू देत नाही. दोन्ही बायका आपापल्या नवऱ्यांना आवरतायत हे फार थोडे वाचक टिपतात. दोन्ही बाजू किती सारख्या आहेत पाहा: नोकरासमोर नोकर, तरुणासमोर तरुण, म्हाताऱ्यासमोर म्हातारा. प्रोलॉगच्या पहिल्या ओळीतला ‘सारखी’ हा शब्द इथे हातपाय फुटून रंगमंचावर उभा राहतो.

मग येतो राजा एस्कॅलस. त्याचं भाषण विद्यार्थी ‘शांततेचा आग्रह धरणारा न्यायी शासक’ असं लिहून मोकळे होतात. जरा जवळून वाचा. आत्तापर्यंत तीनदा रस्त्यावर रक्त सांडलंय असं तोच सांगतो. म्हणजे दोनदा त्याने काहीच ठोस केलेलं नाही. आता तो एकदम टोकाला जातो: पुन्हा शांतता मोडली तर किंमत प्राणांनी चुकवावी लागेल. आणि मग तो कॅप्युलेटला म्हणतो, तू आत्ता माझ्याबरोबर चल. माँटेग्यूला म्हणतो, तू दुपारी ये. दोघांना एकाच खोलीत समोरासमोर बसवण्याची संधी त्याच्या हातात आहे, आणि तो त्यांना वेगवेगळ्या वेळी बोलावतो. ही दोन माणसं एकमेकांचा हात हातात घेतात ते पाचव्या अंकात, मुलांच्या प्रेतांपाशी. तिथे राजा स्वतःच कबूल करतो, की तुमच्या भांडणांकडे मी काणाडोळा केला आणि माझीही दोन माणसं गेली.

त्याच्या या पहिल्या हुकुमाचा धागा सोडू नका. तिसऱ्या अंकात रोमिओच्या हातून टिबॉल्ट मरतो तेव्हा याच हुकुमाप्रमाणे रोमिओला देहान्त व्हायला हवा. राजा तो कमी करून हद्दपारी देतो. रोमिओ मांटुआ या दुसऱ्या शहरात जातो म्हणून, ज्युलिएटचं मरण खोटं आहे हे कळवायला, त्याला पत्र धाडावं लागतं. पत्र नेणारा धर्मगुरू प्लेगच्या संशयावरून घरात कोंडला जातो म्हणून ते पोचत नाही. पत्र पोचत नाही म्हणून रोमिओ विष घेतो. ग्रहांनी वाट अडवली असं म्हणायचं तर म्हणा, पण वाटेवरचा पहिला दगड या सकाळी राजाने ठेवलेला आहे.

गर्दी पांगते आणि आवाज खाली येतो. माँटेग्यूबाई विचारतात, रोमिओ कुठाय? या दंग्यात तो नव्हता हे बरं झालं. नायकाचं नाव आपल्या कानावर पहिल्यांदा येतं ते असं, आईच्या सुटकेच्या श्वासाबरोबर. दंगा होण्याच्या कितीतरी आधी, सूर्य उगवण्यापूर्वीच, तो एकटा शहराच्या पश्चिमेला झाडीत फिरत होता. बाप सांगतो, पोरगा पहाटे रडतो, उजाडलं की खोलीत शिरतो, खिडक्या लावतो आणि स्वतःपुरती खोटी रात्र तयार करतो. हा अंधार नाटकभर पाठलाग करतो. या दोघांचं प्रेम फुलतं ते रात्रीच, आणि प्रकाश त्यांच्यासाठी दर वेळी धोका घेऊन येतो.

रोमिओ येतो तेव्हा सकाळचे नुकतेच नऊ वाजलेत आणि त्याला दिवस संपता संपत नाही. एका मुलीवर त्याचं प्रेम आहे, तिने आजन्म अविवाहित राहायची शपथ घेतली आहे. तिचं नाव या प्रवेशात येतही नाही, पुढच्या प्रवेशात कळतं की ती रोझलिन. तिथेच कॅप्युलेटच्या पाहुण्यांच्या यादीवरून हेही कळतं, की रोझलिन कॅप्युलेटची भाची आहे. म्हणजे रोमिओचं पहिलं प्रेमही शत्रूच्या घरातलंच, आणि त्याबद्दल ना तो काही बोलतो ना बेनव्होलिओ. वैराची भिंत या पोरांच्या मनात तितकीशी उंच नाही, याचा हा लहानसा पुरावा.

आता रोमिओचं प्रसिद्ध भाषण. आधी तो विचारतो, आज जेवायचं कुठे? मग जमिनीवरच्या मारामारीच्या खुणा दिसतात. काय झालं इथे? नको, सांगू नकोस, मी सगळं ऐकलंय. आणि मग विरोधाभासांची माळ सुरू होते: भांडखोर प्रेम, प्रेमळ द्वेष, जड हलकेपणा, शिशाचं पीस, चकाकता धूर, थंड आग, आजारी आरोग्य. चौदाव्या शतकातल्या पेत्रार्क या इटालियन कवीपासून प्रेमकवी असंच बोलत आले होते, आणि १५९० च्या दशकात लंडनमध्ये सॉनेटची लाट आली होती. प्रेक्षकांनी ही भाषा लगेच ओळखली असणार. रोमिओ प्रेमात आहे तो पुस्तकांच्या. जेवणाचं विचारणारा आणि रडणारा हा मुलगा खोटारडा नाही. त्याला जे वाटतं त्यासाठी त्याच्याकडे अजून स्वतःचे शब्द नाहीत.

पण या माळेतले पहिले दोन मणी पुन्हा बघा. भांडण आणि प्रेम, प्रेम आणि द्वेष. रोमिओला ते फक्त काव्य वाटतंय. आपण प्रोलॉग ऐकलेला असल्यामुळे आपल्याला ते येऊ घातलेलं वास्तव म्हणून ऐकू येतं. शेवट आधी सांगून ठेवण्याचा पहिला मोठा मोबदला शेक्सपिअर इथे वसूल करतो.

हे भाषण नीट लावायचं तर त्याच्या शेजारी पहिल्या अंकाचा पाचवा प्रवेश ठेवा. रोमिओ आणि ज्युलिएट पहिल्यांदा बोलतात तेव्हा त्यांचा संवाद मिळून चौदा ओळींचा सॉनेट होतो. चार ओळी त्याच्या, चार तिच्या, उरलेल्या वाटून घेतलेल्या. बेनव्होलिओसमोर रोमिओ नुसता बोलत सुटला होता, इथे त्याला उत्तर देणारं कोणी भेटतं. ती त्याची प्रतिमा उचलते, वाकवते, परत करते. यमक जुळवायलाही दोघं लागतात. ज्या छंदात कोरसने त्यांचा मृत्यू जाहीर केला, त्याच छंदात त्यांची ओळख होते.

नियती की माणसं, हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो. मुलं एक बाजू निवडतात आणि अवतरणं जमवत सुटतात. शेक्सपिअरने दोन्ही बाजू ठेवल्यात हे खरं. रोमिओ स्वतः पुढे आपल्याला नशिबाच्या हातचं खेळणं म्हणतो आणि नंतर ताऱ्यांना आव्हानही देतो. तरी माझा कौल माणसांकडे आहे, आणि तो पहिल्या प्रवेशामुळे आहे. नियतीबद्दल लिहायचं असतं तर दोघं जिथे भेटतात त्या मेजवानीपासून थेट सुरुवात करता आली असती. शेक्सपिअरने आधी दंगा लिहिला. त्यात थांबण्याच्या इतक्या जागा दाखवल्या, की प्रत्येक ठिकाणी कोणीतरी ती जागा ओलांडतं हे डोळ्यांआड करता येत नाही.

ताडून पाहायचं असेल तर पहिल्या अंकाचा पहिला प्रवेश आणि तिसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश एकापाठोपाठ वाचा, मधलं सगळं सोडून. तोच रस्ता, तोच टिबॉल्ट, तोच बेनव्होलिओ, जो उकाडा आहे, कॅप्युलेट बाहेर फिरतायत, घरी चला म्हणून विनवतोय. पुन्हा शब्दाला शब्द, पुन्हा ‘सर’, पुन्हा तलवारी, शेवटी पुन्हा राजा आणि पुन्हा बेनव्होलिओचा वृत्तान्त. फरक एवढाच, की या वेळी भांडण सोडवायला रोमिओ मध्ये पडतो, आणि त्याच्या हाताखालून टिबॉल्टची तलवार रोमिओचा मित्र मर्क्युशिओ याला लागते.